रानभाजीचा महोत्सव आणि परस नसलेली माणसे

पहिला पाऊस पडला की रानभाज्यांच्या कौतुकालाही कोंब फुटतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत टाकळ्याच्या वड्या येतात. मोबाइलवर 'तुमच्या अंगणातले दहा औषधी तण' अशा चित्रफिती फिरू लागतात. आमच्या कर्जत-खालापूरकडचे फार्महाऊसवाले शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना 'ऑरगॅनिक' म्हणून कुर्डूची भाजी वाढतात. २०२० पासून कृषी विभागही ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. मंडप, फलक, पाककृती स्पर्धा, सत्कार, फोटो.

या भाज्यांना आमचा विरोध कसा असेल? आम्ही त्या खाऊनच वाढलो. पण ज्या परसात, बांधावर, माळावर हे तण उगवते ती जागा कोणाची? ते खुडणाऱ्या बाईच्या नावावर त्यातली हातभर तरी आहे का? हा प्रश्न मंडपात कोणी विचारत नाही, म्हणून इथे विचारतो आहोत.

'तण' हा शब्दच मुळी मालकाचा आहे. कोणत्या रोपाला पीक म्हणायचे आणि कोणत्या रोपाला तण, हे सातबारावर ज्याचे नाव तो ठरवतो. भातातला कुर्डू शेतमालकाला उपद्रव वाटतो. बेणणी करणारी मजूर बाई मात्र तोच उपटून ओट्यात भरते आणि संध्याकाळी शिजवते. एकाच रोपाचे हे दोन अर्थ, आणि त्यांच्या मधोमध जमिनीची मालकी उभी आहे.

आमच्याकडे याचे एक वेळापत्रक असते. जमीन भिजली की शेवळे वर येतात, जेमतेम दोन-तीन आठवडे. घशाला खाजतात म्हणून त्यात काकडे नावाचे आंबट फळ किंवा बोंडाऱ्याचा पाला घालतात. हे ज्ञान नसेल तर शेवळे खाऊच नयेत. मग टाकळा, भारंगी, फोडशी, कवळा, कोरळ, श्रावणाकडे करटुली. परसात आणि उकिरड्याच्या कडेला घोळ, माठ, आघाडा, माका, भुईआवळा, दगडीपाला न लावता येतात. मुंबईतल्या कायस्थ आणि पाठारे प्रभू घरांत शेवळांचा मोठा मान आहे. ती शेवळे कर्जत, नेरळ, भिवपुरीच्या स्टेशनांवरून लोकलने जातात. डोक्यावर बोचके घेऊन ठाकर-कातकरी बाया पहाटेच्या गाडीत दाराजवळ खाली बसतात आणि कल्याण, ठाणे, दादरच्या फुटपाथवर वाटे लावतात. वीस रुपयांचा वाटा पंधराला मागणारी गिऱ्हाईक बाई घरी जाऊन त्याच भाजीचा फोटो 'विस्मृतीत गेलेला ठेवा' म्हणून टाकते. विस्मृतीत कोणाच्या गेला, बाई? जिच्याकडून घेतलास तिच्या तर रोजच्या पोटात आहे.

आता याच वेळापत्रकाची दुसरी बाजू बघा. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. जाताना मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडता फेडता सहा-सात महिने जातात आणि पावसाच्या तोंडावर माणसे वाडीवर परततात. हातात फारसा पैसा नसतो, आवणीला अजून अवकाश असतो, डब्यातला तांदूळ संपत आलेला असतो. नेमक्या याच दिवसांत रानात भाजी उगवते. ज्याला शहर 'रानभाज्यांचा हंगाम' म्हणते त्याला वाडीवर उपासमारीचे दिवस म्हणतात. याच दिवसांसाठी 'खावटी' हा शब्द आहे. पावसाळ्यात खायला घेतलेले आणि सुगीला दामदुपटीने फेडायचे धान्य, ते खावटी. माथेरानच्या नाभिक कुटुंबातले भाई कोतवाल यांनी चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला या भागात धान्यकोठ्या काढल्या त्या याच सावकारी विळख्याविरुद्ध. सरकारने २०२० मध्ये खावटी अनुदान पुन्हा आणले तेव्हा कुटुंबाला ४,००० रुपये ठरले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. म्हणजे शंभर वर्षांत भूक त्याच महिन्यांत आहे, फक्त तिच्यावर आता पाककृती स्पर्धा होते.

इथे आमच्या स्वतःच्या बौद्धवाड्यांशीही थोडे भांडायचे आहे. आपल्यातली शिकलेली, नोकरीला लागलेली पिढी या भाज्यांचे नाव काढले की ओशाळते. 'ती गरिबीतली भाजी, आता कशाला?' पाहुणे आले की टाकळा झाकून ठेवायचा आणि फ्लॉवर-वाटाणा पुढे करायचा. त्यावर युक्तिवाद असा, की बाबासाहेबांनी आपल्याला जुने खाणे सोडायला सांगितले.

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले ते नीट आठवू या. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा, असे सांगितले. चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले त्याच परिषदेत. हे महाड आमच्याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाब्यातले. मृत मांस आणि उष्टे या दोन्हींत समान काय आहे? दोन्ही कोणाच्या तरी हातून, वरून खाली येतात. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती आणि त्याचे मांस, गावकीची सेवा आणि त्याबदल्यात शिळी भाकरी. ते अन्न खाणाऱ्याला दर दिवशी त्याची जागा दाखवत होते. बाबासाहेबांचा घाव त्या नात्यावर होता. घोळ-टाकळ्याला देणाराच नाही. ते कोणी पेरलेले नाही, कोणी फेकलेले नाही, ते घेताना कोणापुढे हात पसरावा लागत नाही. उष्ट्याची आणि तणाची एकाच पंगतीत गणना करणे म्हणजे महाडचा अर्थच न कळणे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद करताना हे दाखवून दिले, की आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास लिहिणे म्हणजे त्या काळाची आरती ओवाळणे नव्हे. कोकणातल्या बौद्धवाड्यांचा असा इतिहास लिहायचा बाकी आहे. आपल्या आज्या जिवंत आहेत तोवर कोणीतरी वही घेऊन बसायला हवे.

पण उलट बाजूची गफलतही तितकीच वाईट, आणि ती हल्ली जास्त जोरात आहे. टाकळा हा आपल्या प्राचीन ऋषिमुनींच्या आयुर्वेदाचा ठेवा आहे, असे चित्रफितीतले गृहस्थ सांगतात. चरकसंहितेत याबद्दल काय आहे? सूत्रस्थानात स्पष्ट म्हटले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक जाणतात. आणि लगेच पुढे जोडले आहे, की नुसते नाव-रूप जाणून भागत नाही, उपयोगाची युक्ती जाणतो तो खरा वैद्य. म्हणजे ज्ञान कोणाकडून आले याची कबुली ग्रंथातच आहे, आणि ते हातात आल्यावर देणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवण्याची सोयही त्याच जागी आहे. मनुस्मृती तर त्याही पुढची. तिने वैद्याच्या हातचे अन्न अपवित्र ठरवले आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला उठवले. रोग्याच्या रक्ता-पुवाला हात लावणारा, सगळ्या जातींच्या माणसांत वावरणारा माणूस तिला चालत नव्हता.

याउलट जीवकाची गोष्ट बघा. विनयपिटकाच्या महावग्गात ती येते. राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले मूल, राजपुत्र अभयाने उचलून वाढवलेले. तक्षशिलेला शिकून झाल्यावर आचार्य त्याला सांगतात, की योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परततो, अशी एकही सापडली नाही म्हणून, आणि तोच पुढे बुद्धाचा वैद्य होतो. उकिरड्यावरच्या पोराला उकिरड्यावरच्या झाडाची किंमत कळली, यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

आणि सगळेच ज्ञान प्राचीन असते हेही खरे नाही. दगडीपाल्याचे उदाहरण घ्या. काही जण त्याला कंबरमोडी म्हणतात. पिवळे-पांढरे बारके फूल, कापले-खरचटले की पाला चुरगळून रस लावायचा. खेड्यातल्या प्रत्येक पोराला हे माहीत असते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली आहे, कोलंबसानंतर इकडे आलेली. कोणत्याही प्राचीन संस्कृत ग्रंथात ती असणे शक्यच नाही. मग तिचा उपयोग कोणी शोधला? रानात अनवाणी फिरणाऱ्यांनी, विळ्याने बोट कापून घेणाऱ्यांनी, लावून बघितले, उतारा पडला, दुसऱ्याला सांगितले. याला आम्ही विज्ञानाची पहिली पायरी म्हणतो. तिला कोणा ऋषीचे नाव लावायची गरज नाही.

ही चर्चा नुसती अस्मितेची असती तर आम्ही एवढी शाई घालवली नसती. तिच्यावर पैसा ठरतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने म्हटले होते, की स्थानिक वनस्पती आणि त्यांच्याविषयीचे ज्ञान वापरून धंदा करणाऱ्याने लाभातला वाटा त्या लोकांना द्यावा. एका बड्या औषध कंपनीने 'आम्ही भारतीय, आम्हाला हे लागू नाही' असा दावा केला तेव्हा उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो फेटाळला. मग २०२३ मध्ये संसदेने कायदाच बदलला. आता ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्या वाट्यातून सूट आहे. ग्रंथबद्ध, म्हणजे ज्यांच्याकडे ग्रंथ होते त्यांचे. गुराख्याने सांगितलेले चरकाने लिहून घेतले, म्हणून कंपनीला ते फुकट, आणि गुराख्याच्या वंशजाला काही नाही, कारण त्याचे ज्ञान तोंडी. लिहिण्या-वाचण्याची बंदी ज्यांच्यावर होती त्यांनाच आता लेखी पुरावा नसल्याची शिक्षा. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही श्रीनिवासांचे 'संस्कृतीकरण' शिकलो. खालची जात वरच्या जातीच्या रीती उचलून वर सरकते, असे ते. इथे टाकळ्याचे संस्कृतीकरण होऊन तो 'चक्रमर्द' झाला, बाटलीत गेला. टाकळा खाणारे जिथल्या तिथे राहिले.

गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या या अन्यायावर उतारा ठरू शकल्या असत्या. पण राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर त्या देशभर घाईघाईने भरल्या गेल्या. तुमच्या ग्रामपंचायतीची नोंदवही मागून बघा. त्यात वाडीवरच्या किती बाया बोलल्या आहेत, ते मोजा.

औषधाच्या बाबतीत मात्र आम्ही परंपरेच्या बाजूने डोळे मिटून उभे राहणार नाही. गजकर्णाला टाकळ्याचा पाला, खरचटण्याला दगडीपाला, इथवर ठीक. विंचू चावला की आघाड्याचे मूळ उगाळून लावतात. त्याने वेदनेकडून लक्ष हटेलही, पण लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. आमच्याच जिल्ह्यात, महाडकडे, डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध या दंशावर वापरले. जिथे गंभीर झालेल्या दहातले तीन-चार रुग्ण दगावत, तिथे ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. हे काम कोणत्या महानगरात झाले नाही, आडगावच्या सरकारी आरोग्य केंद्रात रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून झाले. काविळीवर भुईआवळा देतात. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याचा हिपॅटायटिस बी वर गुण दिसल्याचे लिहिले आणि मोठी आशा निर्माण झाली, पण नंतरच्या चाचण्यांत तो गुण टिकला नाही. पावसाळ्यातली कावीळ आमच्याकडे लेप्टोची असू शकते, हिपॅटायटिस ई ची असू शकते, आणि गरोदर बाईला ई ची झाली तर तिच्या जिवावर बेतते. अशा वेळी पाला देणाऱ्याकडे दोन दिवस घालवू नका. सरळ दवाखाना गाठा. सापाच्या दंशावर तर कोणत्याच मुळीचा विचार करू नका, प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय.

पण दवाखाना गाठला आणि तिथे डॉक्टर नसला तर? आम्ही एका कातकरी मुलीला रात्री तालुक्याच्या ठिकाणी नेले तेव्हा तिथून 'पुढे न्या' एवढेच ऐकले, आणि पुढे न्यायला गाडी नव्हती. घरगुती औषधांचे सरकारी कौतुक म्हणूनच आम्हाला खुपते. लोकांकडे पाला आहे म्हटले की रिकाम्या पदांची लाज वाटेनाशी होते.

कुपोषणाचेही तेच. रानभाजीत लोह आहे, अ जीवनसत्त्व आहे, हे सगळे खरे. पण शंभर ग्रॅम पालेभाजीत साधारण तीस ते पन्नास कॅलरी असतात आणि तेवढ्याच तांदळात साडेतीनशे. सुकत चाललेल्या पोराचे पोटच एवढेसे, त्यात पाला कोंबून वजन वाढत नाही. त्याला तेल, डाळ, अंडे, भात पाहिजे. अंगणवाडीतल्या आहाराऐवजी 'पौष्टिक रानभाज्यांचे' भाषण देणाऱ्याला आपल्या नातवाला महिनाभर त्याच आहारावर ठेवायला सांगावे. आणि सगळेच तण गोंजारायचे नसते. गाजरगवत पन्नासच्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदले गेले, आणि ते उघड्या हातांनी उपटणाऱ्या मजुरांच्या कातडीची त्याने वाट लावली. रसायनी-खोपोलीकडे कारखान्याच्या नाल्याकाठी घोळ कितीही तजेलदार दिसला तरी तो खुडू नये.

आता जमिनीकडे येतो. 'आपल्या परसातले तण खा' हे वाक्य परस असलेल्या माणसाचे आहे. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक असलेल्या कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर उभ्या आहेत. पिढ्यान् पिढ्या राहतात, पण झोपडीखालच्या जागेचा कागद नाही. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे 'फायटिंग इव्हिक्शन' हे २०१३ चे पुस्तक याच आमच्या भागातल्या वाड्यांवर आहे. द्रुतगती मार्ग झाला, जमिनीला मुंबईचा भाव आला, सातबारावरचा मालक बदलला, नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले, आणि वाडी कुंपणाच्या आत किंवा बाहेर कुठेही असली तरी अडचण झाली. कूळकायद्यात शेतमजुराच्या घराखालच्या जागेला संरक्षण आहे, पण ते मागायला तहसीलदाराकडे खेपा घालायच्या तर रोज बुडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आदिम जमातींसाठी जनमन योजना आली, घरकुले जाहीर झाली. घरकुलाला जागा लागते, हा मुद्दा पुन्हा तिथेच येऊन अडतो.

कुंपणाच्या आत काय होते तेही पाहा. लॉन. त्या लॉनवर जे काही उगवेल ते तण. ते उपटायला वाडीवरच्याच बाया रोजाने बोलावतात, आणि बाया मिळाल्या नाहीत तर तणनाशक मारतात. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले, पण फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या गड्याला बाटलीत काय आहे हे कोणी सांगत नाही. बांधावर औषध मारले की टाकळा, कुर्डू, घोळ सगळे एकदम जळते. मग त्याच बंगल्यावर रात्री 'आदिवासी थाळी' असते.

राहिले जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क मान्य केला आहे. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क आणि आदिम जमातींचा अधिवास हक्कही त्यात आहे. पण रायगड पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पेसा इथे लागू नाही आणि वाडीच्या ग्रामसभेला शेजारच्या ठाणे-पालघरमधल्या पाड्याइतके बळ नाही. शिवाय जो अनुसूचित जमातीचा नाही त्याला जंगलातल्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. जंगलाकडेच्या बौद्ध कुटुंबांनी तो कुठून आणायचा? त्यांच्या आज्याला शाळेत बसू दिले नव्हते, त्याच्या नावाचा कागद असणार कसा? म्हणूनच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला. लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्या सत्याग्रहाची मागणी जमिनीची होती. आज आपल्याच काही पुढाऱ्यांना रानभाजी महोत्सवाचे उद्घाटन करायला बोलावले की तेवढ्यावर समाधान होते.

खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही, मदतीची माणसे अंधारात पावसात चढून गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. त्या डोंगरावरच्या भारंगीचे शास्त्रीय नाव मंडपातल्या फलकावर बिनचूक असते.

म्हणून या ९ ऑगस्टला महोत्सवाच्या मंडपाबाहेर आम्ही आमचे टेबल लावणार आहोत. त्यावर भाजी नसेल. वनहक्काचे सामूहिक दाव्याचे 'ब' आणि 'क' नमुने असतील, घराखालच्या जागेच्या अर्जाचे कोरे मसुदे असतील आणि ग्रामपंचायतीकडे जैवविविधता नोंदवहीची प्रत मागणारा अर्ज असेल. लिहिता येणारे आठ-दहा जण हवे आहेत, विशेषतः बौद्धवाड्यांतली कॉलेजची मुले-मुली. आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी बाजारपेठेत धावाधाव होते, म्हणून ज्यांच्याकडे छोटे झेरॉक्स मशीन असेल त्यांनी आणावे. भाज्या विकायला आलेल्या मावशांकडून वाटे सांगतील त्या भावाने घ्यावेत, घासाघीस करू नये.

जय भीम.